ढालीचं उजवं

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पारपियानी शेठच्या गाळ्यात
बारा सुयांचं मशीन चालवते मी.
शाळांचे बिल्ले, सिक्युरिटीच्या टोप्या, कबड्डीचे संघ.
मार्चमध्ये थेट जर्मनीचं काम आलं,
कुठल्याशा जिल्ह्याचे ध्वज, नग साठ,
आडव्या काठीला लोंबणारे,
अर्धे निळे, अर्धे पिवळे, मधोमध ढाल.

ढालीवर काळा सिंह. जीभ लाल, नखं लाल,
हे पत्रात दोनदा लिहिलेलं.
खाली तीन लाटा, लाटांवर वाकडा दांडा,
कसला ते कळेना.
शेठ म्हणाले, कळून काय करायचंय, टाके मोज.
एकतीस हजार चारशे.

सिंह उजवीकडे पाहतो, असं पत्रात होतं.
मी उजवीकडे पाहायला लावला.
फोटो गेले आणि साठच्या साठ नापास.
फार सभ्य उत्तर होतं:
ढालीचं उजवं म्हणजे ढाल धरणाऱ्याचं उजवं,
समोरून बघणाऱ्याचं नव्हे.
शेठनी नऊ दिवसांचा पगार कापला,
वर एक ध्वज दिला, पोछ्याला घे म्हणाले.

घणसोलीला उतरेपर्यंत मी त्या वाक्यातच होते.
आमच्या गावाचा सिडकोनं नकाशा काढला
तो समोरूनच बघून.
खाडीत गुडघाभर उभ्या माणसाचं
उजवं कुठलं,
कोण विचारणार?

साडेबारा टक्क्यांच्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर
बानं ध्वज मांडीवर घेतला.
सिंहावरून बोट नुसतं पुढे गेलं,
थांबलं त्या वाकड्या दांड्यावर.
"यो तं पावरा. मिठाचा."

मी मोबाईलवर पत्र पुन्हा काढलं. बारीक अक्षरात होतं,
खाऱ्या विहिरीतलं मीठ ओढायचं जुनं हत्यार.
"अजून काढतान?"
नाही, म्हटलं, केव्हाच बंद झालं.
"मंग?"
मग ढालीवर ठेवलंय.

बा गप्प.
आमचा पावरा दादाच्या हळदीला बंबात गेला होता.
पाणी चांगलं कढत झालं होतं,
एवढंच आठवतं त्याबद्दल.

आता ध्वज खिडकीत आहे, पडद्याच्या दांडीला.
बाहेरून जो बघेल त्याला सिंह चुकलेलाच दिसणार.
आत, बाच्या खाटेवरून, उलटी बाजू:
गाठी, सुटलेले दोरे, बॉबिनचा पांढरा धागा,
आणि त्या गुंत्यात सिंहाचं तोंड
पत्रात हवं होतं तिकडे.

"जीब कनाला भायेर काढलीय यानं?"
बा रोज एकदा विचारतो.
खारट लागलं असेल, मी म्हणते,
आणि डबा भरून कामाला निघते.