नमुना

बाटली आली धारूरहून,
हंगामी वसतिगृहाच्या शिक्क्यासकट,
सुतळीनं आवळलेल्या खोक्यात, भुशात रुतलेली.
सोबत वहीचं फाडलेलं पान:
“म्याडम, औषद दोनदा लावलं. उवा मरंनात.
बाटलीत पाणी हाय का बघा.
शेषाबाई मिसाळ, स्वयंपाकीण.”

तक्रारीचा हा विहित नमुना नव्हे.
तरी आवक-जावकच्या खंडागळेनं पान फेकलं नाही,
माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, वाचा तेवढं.

चिकलठाण्यात जानेवारीची सकाळ, काच बोटांना चावते.
पिपेट उचलते. डोळा रेषेच्या पातळीवर.
द्रवाचा खोलगट तळ रेषेला टेकेपर्यंत
श्वास घ्यायचा नाही.
सोळा वर्षं हेच.
मग गाळणं, बुडबुडे काढणं, यंत्रात सोडणं.
पंप कुरकुरतो. पडद्यावर बराच वेळ
नुसती सपाट रेघ,
आणि एकाएकी दोन टेकड्या, खेटून उभ्या:
सिस आणि ट्रान्स,
एकाच औषधाची जुळी पोरं,
एक डावखुरं, एक उजवं.
टेकडीच्या पोटात जेवढी जागा, तेवढं औषध.
सहा वेळा सोडलं. सहाही वेळा तेच.
नव्याण्णव पूर्णांक एक टक्का.

बाटली खरी आहे, शेषाबाई.

अहवालात एक शब्द मावतो: मानकानुसार.
उवांना रकाना नाही.
तीन-चार आठवड्यांत ऊ आई होते,
ऊसतोड संपेस्तोवर पणजी.
तेवढ्यात औषध पचवायला शिकली असेल
तर ते कुठल्या टेकडीखाली मोजायचं?

फोनवर शेषाबाई गप्प. मागं भांडी वाजत होती.
मग म्हणाल्या,
“सीताफळाच्या बिया वाटून लावल्या असत्या,
पर मागल्या साली मैना डोईफोडेच्या डोळ्यात गेल्या.
चार दिस अंधारात बसली पोर.
आईबाप तिकडं बेळगावला उसात.
सांगायचं कुनाला?”

त्या संध्याकाळी, नोंदवहीत न लिहिता,
मी मूठभर बिया कुटल्या.
तेवीस टेकड्या उठल्या, उंच, बुटक्या, एकमेकींत घुसलेल्या.
एकीलाही नाव देता येईना.
ज्याचा शुद्ध नमुना कपाटात नाही
ते यंत्राच्या लेखी अनोळखी.
उवा मारतं ते त्यातलंच काहीतरी.
डोळे जाळतं तेही, कदाचित, तेच.

नमुना. आई मलाच म्हणायची, काय नमुना आहे पोरगी.
गुडघ्यांत मान दाबून धरायची,
शिंगाची फणी, दोन्ही अंगांना दाते,
समोर पांढरं फडकं.
नखावर नख, टच्.
“काल सव्वीस. आज एकोणीस.”
मला कळलं नव्हतं
की ती रोज वाचन घेत होती.

रविवारी धारूरची एसटी.
पिशवीत चाळीस फण्या, तेलाचा डबा.
शेषाबाईंनी पोरींना उन्हात ओळीनं बसवलं,
ओले केस, तेल, मुळापासून टोकापर्यंत, पुन्हा,
दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे, चुकायचं नाही.
आकडे भिंतीवर कोळशानं लिहायचे.
ते काम मैनानं मागून घेतलं,
डोळे अजून बारीक करून बघते ती.

दोन आठवड्यांनी गेले तर भिंत भरलेली:
एकतीस, बावीस, बावीस, नऊ,
मधेच एक चौतीस, त्याभोवती रागाचं रिंगण
(“सोनी मामाकडं झोपून आली”),
चार, एक, एक.
शून्य कुठंच नाही.
मी दोनदा शोधलं.

“म्याडम, तुमचं बगू?”

मी पायरीवर बसले. अंबाडा सोडला.
थंडगार दाते टाळूला लागले,
आणि माझा श्वास आपोआप थांबला,
रेषेवर थांबतो तसा.

“हलू नका,” मैना म्हणाली. “मोजतीय.”