रकाना

तिचं नाव मला कुठे लिहायचं नसतं.
मथुरा गांगुर्डे, मूळची पेठकडची,
सध्या मोहाडीला द्राक्षबागेत विरळणीच्या टोळीत,
हे सगळं कुलूपबंद कपाटातल्या एका यादीत.
बाकी कागदांवर ती ०१७.

संमतिपत्र वाचून दाखवलं. चौदा पानं.
सहाव्या पानावर तिनं विचारलं,
"म्हंजे यात औषध आहे का नुसतं पाणी?"
मलाही माहीत नाही, म्हटलं. डॉक्टरांनाही नाही.
"मंग माहीत कोणाला?"
बाटलीला.
हसली. अंगठा नको म्हणाली, सही केली,
थु-च्या उकारावर जरा थांबून.

डाव्या हातावर बॉलपेननं चौकटी आखल्या.
एकेक थेंब, एकेक टोचणी:
घरातली धूळ, झुरळ, ज्वारीचा पराग, गाजरगवत,
आणि एक थेंब मीठपाण्याचा,
कातडी उगाच ओरडत नाही ना ते बघायला.
पंधरा मिनिटं. खाजवायचं नाही.
खाली कॅनडा कॉर्नरचा सिग्नल कितीदा हिरवा झाला
ते ती मोजत बसली.
गाजरगवताची गांध आधी गव्हाच्या दाण्याएवढी,
मग चिंचोक्याएवढी.
पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
"बांधावर तेच तर आहे सगळं," म्हणाली,
"आणि उपटायला आम्हीच."

दर भेटीला आधी प्लास्टिकची डबी.
ऑपरेशन झालंय तिचं, तिसऱ्या खेपेनंतर, शिबिरात,
टाक्यांची खूण दाखवायला पदर बाजूला करत होती.
नियम आहे, म्हटलं.
डबी घेऊन गेली, डबी घेऊन आली.
एक रेघ. सात महिने एकच रेघ.
शेवटच्या पाळीची तारीख मी भरायचे,
पोटात कोणी नाही
एवढंच त्या रकान्याला हवं असायचं.
तिच्याबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं.

घरी रोज जिभेखाली थेंब, आणि रोजनिशी:
शिंका, नाक, डोळे, खाज. शून्य ते तीन.
आकडे तिची धाकटी भरायची, शाळेच्या वळणदार अक्षरात.
समासात मात्र मथुराच्या हातच्या फुल्या,
चार-चार, महिन्याच्या महिन्याला.
या कसल्या?
"पाळीच्या आधीचे दिवस. तव्हा सगळंच तीन असतं.
बाटलीत काही का असंना."

शेऱ्यात लिहिलं मी ते.
आठवड्यानं बंगळुरूहून प्रश्न आला:
अभ्यासाशी संबंध स्पष्ट करा, अन्यथा शेरा रद्द करा.
रद्द केला.
एका आडव्या रेघेनं, खाली सही, तारीख.
खोडलेलं वाचता आलं पाहिजे,
हाही नियमच आहे,
आमच्या कामातला मला आवडणारा एकमेव.

त्या संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले.
बायकांच्या एकोणीस रोजनिश्या, शेजारी कॅलेंडर.
अकराजणींचं तसंच निघालं.
अकरानं काही सिद्ध होत नाही, एवढं संख्याशास्त्र येतं मला.
डॉक्टर ऐकून घेतात, चांगले आहेत.
पुढच्या अभ्यासात बघू, म्हणाले, आणि खरंच म्हणाले असतील.

अभ्यास संपला. कपाट रिकामं झालं.
मग गोडी छाटणीच्या सुमाराला तिचा फोन,
मागे ब्लोअरचा आवाज:
"ताई, ती वही परत मिळंल का?
धाकलीला न्हाण आलं. तिच्या पण हाताला उठतंय."

वही कंपनीची आहे, मथुराबाई.
पंधरा वर्षं गोदामात, खोक्यात, वाळवीपासून सुरक्षित.
हे तिला सांगितलं नाही.
मेन रोडवरून शंभर पानी घेतली,
गांधी मोजायच्या पट्टीनंच रेघा मारल्या.
शिंका, नाक, डोळे, खाज.
आणि फुल्यांसाठी एक, समासात नाही, मधोमध,
इतर चारांपेक्षा थोडा रुंदच झाला.

पेठच्या गाडीत कंडक्टरकडे दिली.
कोणाला द्यायची, त्यानं विचारलं.
मथुरा गांगुर्डे, म्हटलं. पूर्ण लिहून घ्या.
त्याच्याकडे कागद नव्हता.
बॉलपेननं डाव्या तळहातावर लिहिलं.