दोन बोटं माया

पुष्पाभाभीच्या बाहीला टाचणी लावताना
ती येते.
छातीच्या मधोमध पेटते, मानेवर चढते,
कानांच्या पाळ्या तापवून केसांत शिरते.
"पंखा वाढवू?" पुष्पाभाभी विचारते.
पंखा पाचावरच आहे.
मी उरलेल्या टाचण्या ओठांत धरते,
म्हणजे बोलावं लागत नाही.

अठ्ठावीस वर्षं रामबागेत मापं घेते आहे.
बाईचं काय चाललंय ते आधी टेपला कळतं,
मग आरशाला,
नवऱ्याला कळलंच तर दिवाळीच्या सुमारास.
पंचेचाळिशीच्या बायका ब्लाउज घेऊन येतात,
म्हणतात, धुण्यात आटला गं.
मीही म्हणते, सुती आटतंच.
पॉलिएस्टर असलं तरी.

सियागंजात मुफद्दलभाईंच्या दुकानी
पहिल्यांदा चिठ्ठी पुढे केली:
शतावरी, जटामांसी, जवस, काळे तीळ.
"किसके लिए?" चष्म्यावरून त्यांनी पाहिलं.
"सास के लिए."
सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली.
त्यांनी मुळ्यांची पुडी बांधली,
तपकिरी, केसाळ, वासाला उग्र.
"शाम को भिगोइए, सोते वक़्त पिलाइए.
और उनसे कहिए, ग़ुस्सा ज़रा कम करें."
बिचाऱ्या सासूबाई.
जन्मभर आवाज चढवला नाही त्यांनी.

शतावरी दुधात ढवळली की गुठळ्या होतात.
श्रीरंग विचारतो, दुधात काय पडलंय?
पावडर, मी सांगते.
कसली, हे तो विचारत नाही, मी सांगत नाही.
जवसाची चटणी लसूण घालून कुटली
तर मुलगा जिरावणासारखी पोह्यांवर भुरभुरवतो,
माझं औषध आठ दिवसांत फस्त.
त्याला बाकी छान झोप लागते.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं.
म्हणाल्या, लोह फार कमी आहे, आधी ते बघू.
मुळ्या-पाल्यांचं चालू द्या हवं तर,
पण माझ्यापासून लपवू नका.
मी मान डोलावली
आणि जटामांसीचं सांगायचं विसरले.

माळव्याची रात्र थंड, असं बाबा कौतुकानं सांगत.
त्याच थंड रात्री तीन वाजता
मी गच्चीवर, मानेवर ओला पंचा.
सराफ्यातून खाऊन परतणारी पोरं
खाली स्कूटरवर हसत जातात.
समोरच्या गच्चीत कुणीतरी आहे.
केस मोकळे, ओढणीनं वारा घेणारी.
सबनीसांची हेमलता.
तिनं मला पाहिलं, मी तिला.
दोघींनीही टाकीतलं पाणी बघितल्यासारखं केलं.

मुफद्दलभाई आता चिठ्ठी मागत नाहीत.
"नींद आती है उनको?"
कधी येते, मी म्हणते, कधी नाही.
ते तराजूत चिमूटभर जास्त टाकतात.

गुरुवारी हेमलता आली.
मोरपंखी ब्लाउज, काखेत टिचलेला.
"धुण्यात..." ती म्हणाली
आणि तिच्या वरच्या ओठावर घाम फुटला.
मी टाचण्या ओठांतून काढल्या.
पाणी दिलं. खिडकी उघडली.
बराच वेळ आम्ही
अस्तराच्या भावाबद्दल बोललो.

रविवारी ब्लाउज घरी नेऊन दिला.
घडीत पुडी होती.
तिनं हुंगली, नाक मुरडलं.
"हे काय? कुणासाठी?"
"तुझ्या सासूसाठी," मी म्हटलं.
ती आधी गोंधळली, मग दारातच
चौकट धरून इतकी हसली
की आतून सासूबाई खरंच बाहेर आल्या.

जिन्यात आल्यावर आठवलं, म्हणून परत वर गेले:
बगलेत दोन्हीकडे दोन बोटं माया सोडली आहे,
लागेल तशी उसव.