एक जून

कागद आलाय वरून:
सक्तीच्या शिक्षणाचं वय चौदाच ठेवावं
की अठरा करावं?
मुख्याध्यापकांनी अभिप्राय एका ओळीत द्यावा.
ओळ आखूनही दिलीय. बोटभर.
गुरुवारपर्यंत.

मी कपाटातून जनरल रजिस्टर काढतो,
उगाच.
एक जून, एक जून, एक जून,
मधेच एखादा अकरा ऑक्टोबर,
पुन्हा एक जून.
अक्षर माझंच, निळ्या शाईतलं.
अर्धा सुतारमळा माझ्या हातून
एकाच दिवशी जन्मला.

सर्वजित सातपुतेच्या आईला तारीख ठाऊक नव्हती,
पाणी ठाऊक होतं.
"महापुरात झाला बघा. रिक्षा मिळंना,
दिरानं हातगाडीवर घातलं मला,
दवाखाना यायच्या आदीच झाला.
दाखला कोण काढतोय त्या गडबडीत?"
महापूर म्हणजे ऑगस्ट. मी बोटं मोजली.
सहाला दोन महिने कमी पडत होते.
पुढच्या वर्षी आणा म्हणालो असतो,
तर पुढच्या वर्षी ती आली नसती.
"डोक्यावरनं हात ने रे, पलीकडचा कान धर."
बोटं पोचेनात.
पोरानं हळूच मान कलती केली
आणि कानच बोटांकडे आणला.
मी लिहिलं, एक जून.

पाढ्यांत कच्चा. नकाशात पक्का.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती काढायचा
आणि विचारायचा, पाचवी कुठाय?
गुप्त आहे, म्हणालो.
"मग तिचा पूर कुठं येतो, सर?"

आठवी संपली. एक जून आला,
आणि कायद्याच्या लेखी तो चौदा पूर्ण झाला.
शाळा उघडायला पंधरा दिवस होते.
नववीला दुसरी शाळा, दुसरा गणवेश, लांबची वाट.
मी घरी गेलो तर मांडीवर तळवा घेऊन
चामड्याची वेणी घालत होता.
बाप रापी पुसत म्हणाला,
"अठरापातूर बाकावर बसवला
तर हात कवा वळायचा ह्याचा?
चप्पल लाईनीतला शेठ काय मार्कलिस्ट बघून पैसं देतोय?"
मी म्हणालो, कायदा...
"कायद्याचं चौदा झालं की.
तुमीच लिवलंय."

संस्थानच्या काळात, पोर शाळेत नाही धाडलं
तर बापाला महिन्याला रुपया दंड होता.
माझा आजा त्या रुपयाच्या धाकानं शिकला,
प्रेमानं नव्हे.
म्हणून मी आज या खुर्चीत.
सर्वजितच्या बापाला मी काय दंड करू?
आणि मला कोण करणार?

ऑगस्टात नदी पुन्हा चढली.
शाळेत छावणी पडली, आठवीच्या वर्गात अकरा कुटुंबं.
खिडकीशी, त्याच्याच जुन्या बाकावर
सर्वजित ओली कातडी वाळत घालत होता.
त्याच आठवड्यात कधीतरी
तो खरोखरचा चौदा वर्षांचा झाला.
कुठल्या वारी, ते आईलाही सांगता येईना.
लाईट नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात
फळ्यावर कुणीतरी नद्या काढल्या होत्या,
चार सरळ, आणि पाचवी तुटक रेघेची,
शाळेच्या दारापर्यंत आणून सोडलेली.
पाणी उतरलं, माणसं गेली.
फळा मी गणपतीपर्यंत पुसला नाही.

ओळ अजून रिकामी आहे.
अठराच लिहिणार आहे मी, त्यात काही वाद नाही.
पण मी त्याचे दोन महिने लागतो,
हे बोटभर जागेत कुठं बसवू?
आणि अठरा झाले तरी
ते मोजायचे कुठल्या जूनपासून?

बाहेर बाकड्यावर एक बाई थांबलीय.
पोर आताच कडेवरून उतरवलंय. हातात दाखला दिसत नाही.
मी अजून उठलोही नाही,
तर पोर डोक्यावरून हात नेतंय
आणि मान कलती करतंय.
कुणीतरी घरूनच शिकवून आणलंय.