सातव्या दिवसाचा फोन

डिस्चार्जनंतर सातव्या दिवशी फोन करायचा,
हे काम माझं. निळं रजिस्टर, मागचा पुठ्ठा सुटलेला.
नाव, वय, मोबाईल, आणि ऑपरेशनच्या रकान्यात
डॉक्टरांच्या अक्षरात तो शब्द,
जो रुग्ण स्वतः कधीच उच्चारत नाही.

"दुसाने काका का? शरणपूर रोडवरून बोलतेय, दवाखान्यातून."
पलीकडे सराफ बाजार. बारीक हातोडीची टकटक,
कुणीतरी चहा सांगतंय.
"थांबा, बाहेर येतो."

पायऱ्या. स्कूटरचा हॉर्न. मग दबका आवाज:
"बोला."
"दुखतंय का?"
"कुठे?"
आम्ही दोघंही गप्प.

"टाका ओढतोय का?"
"टाका," म्हणाले, आणि आवाज एकदम मोकळा झाला.
"चाळीस वर्षं टाके मारतोय, ताई.
सोन्याला टाका धरला की डोळ्याला कळतं.
हा कुठे दिसतोय मला?"

मी वाचत गेले. कोमट पाण्यात बसायचं, दिवसातून तीनदा.
("टब नाही हो, धुण्याचं घमेलं आहे." "घासून घ्या, चालेल.")
रात्री इसबगोल. पाणी भरपूर. कुंथायचं नाही.
थेंबभर लाल दिसलं तर घाबरू नका,
धार लागली, ताप चढला, लघवी अडली
तर घड्याळ न बघता या.

"दुकानात मणक्याचं सांगितलंय," ते म्हणाले.
"शेजारचा बाफणा पाठीला लावायला तेल देऊन गेला."

माझ्या रजिस्टरभर मणकेच आहेत.
सातपूरचा फिटर, मणका. पेठ रोडचे गुरुजी, मणका.
एका बाईंनी नवऱ्यालासुद्धा मणकाच सांगितला
आणि घरी भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

नवव्या रात्री साडेअकराला काकूंचा फोन.
"अर्धा तास झाला, आतून कडी. उत्तर देत नाहीत."
"फोन दाराला लावा."
मी माझ्या स्वयंपाकघरात उभी,
गॅसवर दूध, कानात एका परक्या घराचं लाकडी दार.
"काका, श्वास धरू नका. सोडा.
कुणी मागे लागलेलं नाही."
नळ ठिबकत होता. माझं दूध उतू गेलं.
खूप वेळाने आतून:
"झालं."
काकू हसल्या की रडल्या, कळलं नाही,
फोन त्यांच्या पदरात अडकला असावा.

रकान्यात मी लिहिलं: समाधानकारक.

महिन्याने ते तपासणीला आले.
बाहेरच्या लाकडी बाकावर
पारडं टेकतं तसे बसले,
आधी किंचित, थांबून, मग सगळे.
जाताना टेबलावर तेलाची बाटली ठेवली, सील न फोडलेली.
"दिवसभर बसून फोन करता.
मणका दुखत असेल तुमचा."

खुर्चीवरची मधे भोक असलेली गादी
मी पदराने झाकलेली असते.
त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

बाटली घेतली.
मणक्याबद्दल काही बोलले नाही.