चारचा रकाना

देवगडच्या सरकारी दवाखान्यात
सात नंबरच्या खाटेवर जनू तारी.
तोंडाला दारूचा वास, पोटरी
जाळ्याच्या दोरीनं कापलेली.
दोनदा हाक मारली त्यानं. दोनदा मी
'आले हां' म्हणाले,
गेले नाही.

पहाटे चारचं बीपी न घेताच लिहिलं:
एकशेवीस, ऐंशी.
अक्षर सुबक आहे माझं, मेट्रन कौतुक करते.

पेनाला टोपण लावताना कळलं,
वास ओळखीचा आहे.
बाबा असेच यायचे होडीवरून
आणि मी झोपेचं सोंग घ्यायचे.

उठले. पट्टा बांधला.
नव्वद, साठ.
डॉक्टरांना फोन लावला.
मग आधीच्या आकड्यावर एकच रेघ,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी सही.

"बाये, भरती लागली काय गो?"
"नाय. सुकतीच आसा.
हात सरळ ठेव."