खाडा

हजेरीखात्यातली लाल शाई
मी निवृत्तीनंतर घरी आणली.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर,
सात वाजून दहा मिनिटांनी फाटक लावून घेणारा
शद्रख भिंगारदिवे.

घणसोलीत, सिडकोच्या खोलीत
पहाटे पाचचा गजर, खिडकीजवळची खुर्ची
आणि लांब वही, रकाने आखलेली:
अध्याय, प्रार्थना, उपास, दशांश.
दशांश पैशापर्यंत. एकदा पस्तीस पैसे जास्त गेले
तर पुढच्या रविवारी कमी टाकले.
चुकल्या दिवसावर लाल फुली.
वर्षाला चार, फार तर पाच.
डिसेंबर सरताना ती वही तुझ्यापुढे उघडायचो,
बक्षिसासाठी नव्हे.
सहीसाठी.

मार्चमध्ये सलोमी न्हाणीत पडली.
वाशीच्या पालिका रुग्णालयात अकरा रात्री.
वही घरी, चष्मा घरी,
तोंडपाठ स्तोत्रं ओठांशी येऊन
यंत्राच्या टिकटिकीत ओळी विसरायची.
दुसऱ्या की तिसऱ्या रात्री
लिफ्टशेजारच्या बाकावरून मी म्हणालो,
"आहेस का?"
आधी कुठलं विशेषण नाही,
नंतर आमेनही नाही.

नगरला लहानपणी दिवे गेले की
आबांच्या खाटेच्या दिशेनं असंच विचारायचो.
आबा बोलायचे नाहीत, कूस बदलायचे.
खाट करकरायची.
तेवढं पुरायचं.

त्या रात्री काय करकरलं, सांगता येणार नाही.
झोप लागली, एवढं खरं.

घरी आलो. अकरा फुल्या मांडायला बसलो
आणि पेन हातात तसंच राहिलं.
बळीराम घरत आठवला.
चौऱ्याण्णव साल, फाटकाच्या गजांपलीकडे,
घड्याळात सात बावीस.
"सायेब, पोराला आकडी आली व्हती."
मी अर्धा दिवस खाडा मांडला.
त्याच रविवारी देवळात दयेवरचा उतारा वाचला,
स्पष्ट, खणखणीत,
शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

इतकी वर्षं मी तुला माझ्याच जागी उभा करत होतो,
हातात किल्ली, मनगटावर घड्याळ.

एक्केचाळीस रुपये पन्नास पैसे. व्याज धरून
पाकीट केलं (व्याजही काढलंच मी, काय सांगू)
आणि गोठिवलीला गेलो.
पत्र्याच्या पडवीत बळीराम जाळं विणत होता.
"कवाचा अर्धा दिस? मना त काय याद नाय."
खरंच आठवत नव्हतं. मी तारीख सांगितली, वेळ सांगितली,
पटवूनच द्यायला लागलो त्याला माझं पाप.
तो हसला. "बसा ओ. च्या घ्या."
पाण्याचा तांब्या घेऊन एक आडदांड माणूस आला,
दारात वाकून.
"हाच तो?"
"हाच. आता जेवतो किती, ता बघा."

पाकीट तिथंच ओट्यावर राहिलं.
मांजर त्यावर बसलं.

परतताना खाडीच्या बंधाऱ्यावरून आलो.
भरती लागली होती, तिवरांच्या मुळांत
पाणी कुणाला न विचारता शिरत होतं.
मी चप्पल काढून थोडा वेळ उभा राहिलो.
मागितलं काही नाही.

पाचला जाग अजून येते. मोडत नाही ती सवय,
आणि मोडावी असंही वाटत नाही.
चहा ठेवतो. कधी अध्याय वाचतो,
कधी नुसता म्हणतो, आबा, आज सलोमीचा पाय सुजलाय.
कधी रागावतोही. तू ऐकून घेतोस.

सलोमीला डाव्या हातानं लिहायला सांगितलंय,
रोज एक पान. कोरा कागद घरात नव्हता,
तिनं तीच वही ओढली.
तिचा 'स' उपासातून सुरू होतो,
'मी'ची वेलांटी दशांशाच्या रेघेवरून
पार समासाबाहेर जाते.
मी पट्टी शोधायला उठलो होतो,
सवयीनं.
मग बसलो पुन्हा.